गिटार ते टॅबलेट, मिक्सरमार्गे

इलेक्ट्रिक गिटार टॅबलेटला जोडून घरीच वाजवावी आणि जमल्यास ध्वनिमुद्रितही करावी, असे वाटणारी मुले माझ्या आसपास आता बरीच आहेत. मी इंदूरला राजेंद्रनगर भागात राहतो. इथल्या मराठी घरांत गाण्याबजावण्याचे वातावरण पूर्वीपासून आहे, त्यामुळे गिटार नवी असली तरी छोटा मिक्सर पुष्कळदा घरात आधीच असतो. आईच्या भजनी मंडळासाठी, आजोबांच्या पेटीसाठी किंवा कॉलनीतल्या गणेशोत्सवासाठी तो कधीतरी घेतलेला असतो. त्याच्यावर कुठेतरी ‘यूएसबी’ असे छापलेले असते, टॅबलेट तर हाताशी असतोच, आणि मग संध्याकाळी कुणीतरी येऊन विचारते, “काका, गिटारची पिन मिक्सरला लावली, मिक्सर टॅबला लावला, तरी आवाज का येत नाही?” आवाज आलाच असेल, तर दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “इतका बोदा का येतो?”

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात देता येत नाहीत, कारण गिटारच्या तारेपासून टॅबलेटमधल्या ॲपपर्यंत आणि तिथून परत आपल्या कानापर्यंत आवाजाला बरेच जोड ओलांडावे लागतात. त्यांतल्या प्रत्येक जोडाशी दोनच गोष्टी तपासायच्या असतात: आवाज कोणत्या दिशेने चालला आहे, आणि पुढच्या खाचेला कशा प्रकारचा आवाज हवा आहे. महागडी उपकरणे घेऊनही ज्यांना समाधान मिळत नाही, त्यांचे बिनसलेले असते ते बहुधा यांपैकी एखाद्या ठिकाणी. म्हणून मी जोडाजोडाने लिहितो.

पहिला जोड यूएसबीचा घेतो, कारण तिथेच गाडी अडली तर पुढच्या कशालाच अर्थ उरत नाही. मिक्सरवर यूएसबी लिहिलेले आहे, एवढ्यावरून तो टॅबलेटला आवाज पाठवू शकेल असे ठरत नाही. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त मिक्सरांतले यूएसबी हे केवळ पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवण्यासाठी असते. त्याच्या शेजारी एक छोटा पडदा, गाणे पुढेमागे करण्याची बटणे आणि बहुधा ब्लूटूथही असते. अशा मिक्सरमध्ये यजमान मिक्सर स्वतः असतो आणि पेन ड्राइव्ह हा पाहुणा. टॅबलेटला जोडायचे तर नेमके उलटे हवे: यजमानपद टॅबलेटकडे आणि मिक्सर त्याच्यापुढे एक ध्वनी-उपकरण म्हणून उभा. यासाठी मिक्सरमध्ये ॲनालॉग आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारा स्वतंत्र भाग असावा लागतो, आणि पेन ड्राइव्हवाल्या मिक्सरमध्ये तो टॅबलेटच्या उपयोगाचा नसतो.

दुकानात हे ओळखण्याची सोपी खूण खाचेच्या आकारात आहे. पेन ड्राइव्हची खाच चपटी आणि आयताकृती असते. टॅबलेट किंवा संगणकासाठीची खाच चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेली, म्हणजे घरच्या प्रिंटरला असते तशी असते. अलीकडच्या मिक्सरांत तिच्या जागी टाइप-सी आलेली आहे. जेल रोडवर मिक्सर बघायला गेलो की मी तो आधी उचलून मागच्या बाजूने पाहतो. समोरची पट्टी पाहून भागत नाही, कारण तिथे दोन्ही प्रकारच्या मिक्सरांवर तीच अक्षरे असतात. दुकानदाराला विचारले तर “यूएसबी है ना भाईसाहब, पेन ड्राइव्ह चला के दिखा दूँ?” असे उत्तर मिळते, आणि ते त्याच्या परीने प्रामाणिकच असते, आपला प्रश्नच वेगळा असतो. शक्य असेल तर दुकानातल्या संगणकाला मिक्सर जोडून पाहावा. आवाजाच्या सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट अशा दोन्ही ठिकाणी त्याचे नाव उमटले, किंवा नुसते ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ असे उमटले, तर तो आपल्या कामाचा आहे. वेगळा ड्रायव्हर न टाकता हे घडले, तर आयपॅडवरही तो चालण्याची शक्यता फार चांगली असते, कारण आयपॅड यूएसबी ऑडिओचा जो सर्वमान्य वर्ग आहे त्यातली उपकरणे ड्रायव्हरशिवाय ओळखतो.

टॅबलेटच्या बाजूला काय लागेल, ते टॅबलेटवर अवलंबून आहे. टाइप-सी खाचेच्या आयपॅडला टाइप-सी ते चौकोनी यूएसबी अशी सरळ केबल पुरते. जुन्या लाइटनिंग खाचेच्या आयपॅडला ॲपलचे कॅमेरा अडॅप्टर लागते, आणि त्यातही ज्याला चार्जिंगसाठी दुसरी लाइटनिंग खाच आहे ते घ्यावे, म्हणजे लांबलेल्या रियाजात बॅटरी संपत नाही. अँड्रॉइडला ओटीजी अडॅप्टर, म्हणजे टॅबलेटला यजमान होऊ देणारे अडॅप्टर लागते. अँड्रॉइडमध्ये यूएसबी ऑडिओची सोय ५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे, पण प्रत्येक कंपनीच्या टॅबलेटमध्ये ती सारख्या गुणवत्तेने उतरलेली नाही. एवढे करूनही मिक्सर दिसत नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करणारे एक बटण असते, ते चुकून चालू झालेले नाही ना हे पाहावे. केबल मात्र आधी बदलून पाहावी, कारण केवळ चार्जिंगच्या तारा असलेल्या, डेटाच्या तारा नसलेल्या केबल घराघरांत पडलेल्या असतात आणि बाहेरून त्यांत काहीच फरक दिसत नाही.

विजेचाही विचार करावा लागतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला मिक्सर टॅबलेटकडून वीज मागत नाही, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. यूएसबीवरच चालणारे छोटे मिक्सर मात्र टॅबलेटच्या आवाक्याबाहेरची वीज मागू शकतात, आणि मग या उपकरणाला जास्त वीज लागते असा संदेश पडद्यावर येतो किंवा मिक्सरचा दिवा लागून विझतो. त्यासाठी स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब मध्ये घालावा. यामाहाच्या एजी०३ आणि एजी०६ सारख्या काही मिक्सरांना याच कारणासाठी ५ व्होल्टची वेगळी खाच दिलेली आहे.

जोड जुळला की एक गोष्ट हमखास घडते आणि नवख्याला घाबरवते: टॅबलेटच्या स्पीकरमधून आवाज यायचा थांबतो. आयपॅडला यूएसबी ध्वनी-उपकरण जोडले की त्याचा बाहेर जाणारा आवाजही त्याच उपकरणाकडे वळतो, आणि पुष्कळदा आयपॅडच्या आवाजाच्या बटणांचाही परिणाम होईनासा होतो. हा बिघाड नाही. हेडफोन टॅबलेटवरून काढून मिक्सरला लावावा. यापुढे सगळे ऐकणे मिक्सरमधून.

आता गिटारच्या पिनेकडे येतो, आणि इथे मला जरा जास्त वेळ थांबावेसे वाटते, कारण आवाज बोदा येण्याचे कारण जवळजवळ नेहमी इथेच असते आणि त्यासाठी बिचाऱ्या गिटारला, तारांना किंवा ॲपला दोष दिला जातो.

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. साध्या गिटारमध्ये बॅटरी नसते, म्हणजे या क्षीण विजेला कुणाचाही आधार नसतो; पुढचे उपकरण तिच्यातून जेवढी वीज ओढेल तेवढी ती दुबळी होते. ओढण्याचे हे प्रमाण पुढच्या खाचेच्या रोधावर, म्हणजे इम्पीडन्सवर ठरते. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो साधारण १० लाख ओहम ठेवलेला असतो, म्हणजे ॲम्प जवळजवळ काहीच ओढत नाही. मिक्सरच्या लाइन खाचेत, म्हणजे आधीच पुरेसा जोरकस असलेला आवाज घेणाऱ्या खाचेत, मात्र तो १० ते २० हजार ओहमच्या घरात असतो, आणि माइकच्या खाचेत तर दीड ते तीन हजार.

याचा परिणाम सगळ्या सुरांवर सारखा झाला असता तर नुसता आवाज कमी झाला असता आणि आपण गेन, म्हणजे मिक्सरमध्ये शिरणारा आवाज वाढवणारी कळ, वाढवून वेळ मारून नेली असती. पण पिकअप हे वेटोळे असल्यामुळे त्याचा स्वतःचा रोध स्वराच्या उंचीबरोबर वाढत जातो. एक उदाहरण मांडून पाहू. पिकअपच्या तारेचा साधा रोध ६ हजार ओहम आणि इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण, ३ हेन्री धरू. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपसाठी हे आकडे अवास्तव नाहीत. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मोकळा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. तिथे इंडक्टन्समुळे येणारा रोध जेमतेम दीड हजार ओहम भरतो, त्यामुळे १० हजार ओहमच्या लाइन खाचेपर्यंत मूळ आवाजाचा सुमारे ६० टक्के भाग पोचतो. पण ४ हजार हर्ट्झला, म्हणजे नखीचा टणत्कार आणि तारेची चकाकी जिथे राहते तिथे, हाच रोध ७५ हजार ओहमपर्यंत चढतो, आणि खाचेपर्यंत जेमतेम १३ टक्के पोचतात. खर्ज टिकतो, तार-अंग गळून पडते. तीच गिटार १० लाख ओहमच्या खाचेत घातली तर दोन्हीकडचे जवळजवळ सगळे शिल्लक राहते. ट्रेबलची कळ कितीही फिरवली तरी हरवलेली चकाकी नीट परत येत नाही. वाढतो तो बहुतेक खरखराटच.

मी या वाद्यावर रागसंगीत वाजवतो, म्हणून मला हे विशेष जाणवते. मींड घेताना तार ओढली जाते आणि मूळ आघाताचा आवाज ओसरत असतानाच स्वर पुढे सरकत असतो. त्या ओसरत्या आवाजात वरचे स्वरांश टिकून असतील तरच मींडेचा शेवटचा स्वर कानाला स्पष्ट लागतो. लाइन खाचेतून वाजवलेल्या गिटारवर मारव्याचा कोमल रिषभ लावून पाहा. स्वर जागेवर असतो, पण त्याची धार गेलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते खर्चिकच असतात असे नाही. काही मिक्सरांच्या एखाद्या चॅनलवर ‘हाय-झेड’ असे लिहिलेले किंवा गिटारचे छोटे चित्र काढलेले बटण असते. ते दाबले की त्या खाचेचा रोध गिटारला मानवेल इतका वाढतो. हे बटण बहुधा एकाच चॅनलवर असते, म्हणून गिटार त्याच चॅनलला लावायची, दुसरीकडे नाही. बटण नसेल तर डीआय बॉक्स मध्ये घालावा. तो गिटारकडून उच्च रोधाने घेतो आणि मिक्सरच्या माइक खाचेला कमी रोधाने, एक्सएलआर केबलमधून देतो. सक्रिय डीआय बॉक्सला चालण्यासाठी बॅटरी किंवा मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज, लागते, ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या निष्क्रिय बॉक्सला दोन्ही लागत नाहीत.

तिसरा उपाय अनेकांच्या घरात पडूनच असतो: पेडल. बॉसच्या बहुतेक पेडलांमध्ये इफेक्ट बंद असतानाही आवाज आतल्या बफरमधून, म्हणजे उच्च रोधाने घेऊन कमी रोधाने पुढे देणाऱ्या भागातून, जातो. असे पेडल गिटारकडून १० लाख ओहमने घेते आणि पुढे इतक्या जोमाने देते की मिक्सरची लाइन खाच त्याला जड जात नाही. ट्यूनरचे पेडल असेल तर फारच उत्तम, कारण ते आवाजात काहीच मिसळत नाही आणि सूर लावायचीही सोय होते. मात्र ‘ट्रू बायपास’ प्रकारचे पेडल बंद असताना नुसती तार असते; त्याचा या कामी उपयोग नाही. गिटार आणि बफर यांच्यामधली केबलही उगाच लांब ठेवू नये. शिल्ड असलेल्या केबलची दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास धारिता असते, आणि लांबी वाढली की तीही वरचे स्वर खाऊ लागते. घरात ३ मीटर पुरते.

यापुढचा भाग सगळ्यांत गोंधळाचा आहे. गिटारचा आवाज मिक्सरमधून टॅबलेटकडे गेला, ॲम्पची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये त्याला ॲम्पचा आणि स्पीकरचा रंग चढला आणि तो यूएसबीवरूनच परत मिक्सरमध्ये आला. आता तो मिक्सरमध्ये कुठे येतो? साध्या मिक्सरमध्ये टॅबलेटकडे जातो तो मेन मिक्सचा, म्हणजे सगळ्या चॅनलांच्या बेरजेचा आवाज. टॅबलेटवरून परतलेला आवाजही त्याच मेन मिक्समध्ये मिसळला, तर तो पुन्हा टॅबलेटकडे जाणार, पुन्हा रंगून परतणार, आणि क्षणार्धात हेडफोनमध्ये किंचाळी उठणार. म्हणून पहिल्यांदा जोडताना हेडफोन कानावर न चढवता टेबलावर ठेवावा आणि त्याची कळ खाली ठेवून हळूहळू वाढवावी. या बाबतीत मी फार आग्रही आहे. कान एकदा दुखावले की त्याला उपाय नाही.

मिक्सरवर टॅबलेटचा परतीचा आवाज ‘मेन मिक्सकडे’ की ‘फक्त हेडफोनकडे’ असे निवडणारे बटण असेल, तर ते हेडफोनकडे ठेवावे. फेरा तिथेच तुटतो. काही मिक्सरांत ‘लूपबॅक’ नावाचे बटण असते. ते थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी आहे. ॲम्पच्या ॲपमधून गिटार वाजवताना ते बंदच हवे. ज्या मिक्सरवर यांपैकी काहीच नाही आणि परतीचा आवाज एखाद्या स्टिरिओ चॅनलवर येऊन मेनमध्ये मिसळतो, तिथे ॲपमधले मॉनिटरिंग, म्हणजे वाजवता वाजवता ॲपमधून परत ऐकवणे, बंद ठेवून गिटार साधीच ऐकावी आणि साधीच मुद्रित करावी, हा सरळ मार्ग.

फेरा तुटला तरी एक सूक्ष्म अडचण उरते. हेडफोनमध्ये गिटारचा मूळ आवाज मिक्सरमधून थेट येतो आणि ॲपमधून फिरून आलेला आवाज काही मिलिसेकंदांनी मागून येतो. दोन्ही एकत्र झाले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. फरक ५ मिलिसेकंदांचा असेल तर हे खोडणे १०० हर्ट्झला सुरू होते आणि पुढे ३००, ५००, ७०० असे दर २०० हर्ट्झवर होत राहते, त्यामुळे आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा लागतो. मूळ आवाजाचा फेडर, म्हणजे पातळीची कळ, खाली घ्यावा म्हटले, तर साध्या मिक्सरमध्ये टॅबलेटकडे जाणारा आवाजही त्याच फेडरवरून जात असल्याने तोही बंद पडतो. हेडफोनमध्ये फक्त यूएसबीचा आवाज ऐकण्याची सोय मिक्सरमध्ये आहे का, हे म्हणूनच विकत घेण्यापूर्वी पाहावे. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याला केवळ गिटार आणि ॲम्पचे ॲप एवढेच हवे आहे, त्याने नव्याने मिक्सर घेऊ नये. दोन खाचांचा छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्य टॅबलेटला जोडणारी छोटी पेटी, त्याला कमी त्रासाचा. मिक्सर खरा उपयोगी पडतो तो घरात गाणे, पेटी, तबला असे सगळे एकत्र असेल तेव्हा.

मघाशी म्हटलेल्या मिलिसेकंदांविषयी थोडे. टॅबलेट आवाजाचे नमुने एकेक न घेता गठ्ठ्यांनी घेतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, २५६ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, १२८ चा असेल तर त्याच्या निम्मे. असाच वेळ परतीलाही लागतो आणि रूपांतराचा थोडा वेगळा. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद उशीर हा साडेतीन मीटरांवरच्या ॲम्पसमोर बसून वाजवण्याइतकाच; त्याने काही बिघडत नाही. ३०-४० मिलिसेकंद झाले की द्रुत लयीत हात अडखळू लागतो. आयपॅडवर गठ्ठा लहान ठेवणे सोपे जाते. अँड्रॉइडवर २०१७ च्या ८.० आवृत्तीसोबत आलेल्या एऑडिओ या ध्वनिव्यवस्थेने पुष्कळ सुधारणा झाली, तरी टॅबलेटनुसार अनुभव बदलतो. ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइलसारख्या, स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन येणाऱ्या ॲपने तिथे फायदा होतो. गठ्ठा फार लहान केला आणि आवाजात कडकड सुरू झाली, तर एक पायरी वर जावे. ब्लूटूथ हेडफोनचा विचारच करू नये. त्याचा उशीर एकट्यानेच १०० मिलिसेकंदांच्या वर सहज जातो.

तानपुऱ्याचे आणि तबल्याचे ॲप त्याच टॅबलेटवर चालवणाऱ्यांनी नमुनादरही पाहावा. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज कुठे ४८ चा समजून वाजवला गेला, तर सगळी पट्टी जवळजवळ दीड सेमिटोनने वर चढते. मला त्यापेक्षा तानपुरा जुन्या फोनवर लावून फोनचा आवाज मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलमध्ये घेणे जास्त आवडते. टॅबलेटवर भार कमी होतो, आणि तानपुऱ्याचे प्रमाण हाताखालच्या कळीने जुळवता येते.

घूं असा सततचा आवाज येत असेल तर त्याचे मूळ शोधायला घाई करू नये. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ, आणि सिंगल कॉइल पिकअप ती हवेतूनच पकडतो. गिटार घेऊन खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू वळावे. एखाद्या दिशेला आवाज बराच कमी झाला तर तो पिकअपने पकडलेला आहे आणि ट्यूबलाइट किंवा अडॅप्टरपासून दूर बसल्याने भागेल. दोन उलट वेटोळ्यांनी हा आवाज मारणारा हम्बकर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये केला तो याचसाठी. टॅबलेटचा चार्जर काढताच आवाज गेला तर दोष चार्जरमार्गे येतो आहे. मुद्रणाच्या वेळी टॅबलेट बॅटरीवर चालवावा. तारांना हात लावला की आवाज थांबतो आणि काढला की सुरू होतो, एवढे थोड्या प्रमाणात सर्वच गिटारींवर होते. पण ते फार असेल, किंवा तारांना हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील, तर वाजवणे तिथेच थांबवून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. रामबागेसारख्या जुन्या वस्त्यांमधल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते, असे आढळू शकते. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो कधीही ऐकू नये. हातात पोलादी तारा आणि ओठांजवळ माइक अशा स्थितीत अर्थिंग नसणे जिवावर बेतू शकते.

गेनचे काम त्यामानाने थोडक्यात आटोपते. गिटारची व्हॉल्यूमची कळ पूर्ण उघडावी, आपण जितके जोरात वाजवतो तितके वाजवावे, आणि मिक्सरच्या चॅनलवरचा लाल दिवा लागणार नाही इतपतच गेन द्यावा. फेडर आणि मेन शून्याच्या खुणेवर ठेवून ॲपमधल्या मापकाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्यावे. बऱ्याच स्वस्त मिक्सरांचे यूएसबी १६ बिटांचे असते, म्हणून फारच कमी पातळीवर मुद्रित करून नंतर वाढवणे टाळावे; उलट शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो मागाहून दुरुस्त होत नाही. मिक्सरचे इक्वलायझर सरळ ठेवावे. ॲपमध्ये विकृत, जोरकस आवाज निवडल्यावर नुसती भुणभुण ऐकू येत असेल तर कॅबिनेटचा, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरपेटीची नक्कल करणारा, भाग बंद आहे असे समजावे. गिटारच्या ॲम्पचा १२ इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवतच नाही. ते गाळणे ॲपमधल्या कॅबिनेटकडे असते.

माझी भाची भावगीते गाते आणि मी तिला गिटारची साथ करतो. मिक्सरमधून टॅबलेटकडे दोनच मार्गिका जातात, डावी आणि उजवी. पण आम्हाला दोनच हव्या असतात. गिटारच्या चॅनलचा पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवणारी कळ, पूर्ण डावीकडे आणि तिच्या माइकचा पूर्ण उजवीकडे फिरवला की ॲपमध्ये डावा इनपुट गिटारच्या आणि उजवा गळ्याच्या मार्गिकेला देता येतो, आणि नंतर दोन्हींची पातळी स्वतंत्रपणे जुळवता येते. गिटार या वेळी साधी, ॲम्पच्या रंगाशिवाय मुद्रित होते, त्यामुळे तिला कोणता ॲम्प द्यायचा हे गाणे ऐकून निवांतपणे ठरवता येते. हे करताना मिक्सरवरचा इको पूर्ण बंद हवा. तो आतून डाव्या-उजव्या दोन्हीकडे पसरतो, आणि मग भाचीच्या गळ्याचा इको गिटारच्या मार्गिकेत जाऊन बसतो, जो तिथून वेगळा काढता येत नाही. गाताना तिला इको ऐकायला आवडतो, म्हणून तो मी टॅबलेटवरच, तिच्या मार्गिकेवर लावतो आणि परतीच्या आवाजातून हेडफोनमध्ये देतो.